एक सरळ पातं, एक दातेरी पातं: धार लावायला काय घ्यावं

प्रकरण दोन घडीच्या चाकूंचं आहे. दोन्ही एकाच माणसाचे, खोकी फोडण्याच्या आणि बांधलेला माल सोडवण्याच्या कामावर रोज हातात येणारे. पहिल्याचं पातं पूर्ण सरळ धारेचं: धारेची लांबी ८५ मिमी, पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी २५ मिमी, पाठीशी जाडी ३ मिमी, पोलाद ८सीआर१३एमओव्ही. दुसऱ्याचं पातं मिश्र: टोकाकडचे ५० मिमी सरळ, मुठीकडचे ३६ मिमी दातेरी, पोलाद एस३०व्ही. पहिला मुख्यतः पुठ्ठ्यासाठी, दुसरा नायलॉनचा दोर आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी.

तक्रार अशी, की पहिला पुठ्ठा कापण्याऐवजी फाडतो, दुसरा दोरावरून घसरतो, आणि धार लावायला बसलं की तासाभराने दोन्हींची अवस्था आणखी वाईट होते. हाताशी दोन साधनं होती. एक, कार्बाइडच्या दोन तुकड्यांच्या फटीतून चाकू ओढायचं छोटं यंत्र. दुसरं, एका बाजूला जाड कणांचा आणि दुसऱ्या बाजूला बारीक कणांचा असा जुना तेलाचा दगड, वापरून वापरून मधोमध खोल झालेला. मालकाचा प्रश्न एवढाच होता: आता नवीन काय घेऊ?

साधन निवडण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. धारेचं नेमकं काय झालं आहे, आणि आत्ता हातात असलेला दगड पात्याला कुठे लागतो आहे. त्या दोन्ही कळायला पंधरा मिनिटं, एक दिवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक काळा मार्कर पुरला.

दिवा, भिंग आणि मार्कर

पातं धार वर करून दिव्याखाली धरायचं आणि हळूहळू तिरपं करायचं. खऱ्या धारेला रुंदीच नसते, त्यामुळे तिच्यावरून उजेड परत येत नाही. जिथे चमक दिसते तिथे धार गोल झाली आहे, चपटी झाली आहे किंवा एका अंगाला वळली आहे. सरळ पात्यावर जवळजवळ सलग पांढरी रेघ दिसली. पोटाच्या वळणाजवळ, म्हणजे धार टोकाकडे वळते तिथे, दोन ठिकाणी धार तुटलेली होती, सुमारे ०.३ मिमी खोल. भिंगातून पाहिलं तर बाकीची धारही घासलेली दिसत नव्हती, ओरबाडल्यासारखी खडबडीत होती. ओढायच्या यंत्राची ही ओळखीची खूण आहे. त्यातले कार्बाइडचे तुकडे धातू बारीक बारीक घासत नाहीत, धारेच्या लांबीला समांतर ओरखडत नेतात. उरते ती फाटकी कड. पहिल्या दोन कापांना ती चावते आणि मग तुकड्यातुकड्यांनी गळते.

मग धारेच्या दोन्ही उतारांवर, म्हणजे धारेलगत घासून तिरप्या केलेल्या पट्ट्यांवर, मार्कर फिरवला, मालकाला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने तेलाच्या दगडावर चार फेरे मारायला सांगितले, आणि शाई कुठून गेली ते पाहिलं. शाई उताराच्या वरच्या खांद्यावरून गेली होती. धारेलगत अर्ध्या मिलिमीटरची काळी पट्टी जशीच्या तशी होती.

सगळं दुखणं इथे उघड झालं. ओढायच्या यंत्राने धारेच्या टोकाशी दर बाजूला २२-२३ अंशांचा उभट कोन पाडला होता. दगडावर मात्र हात १५ अंशांच्या आसपास बसत होता. म्हणजे तासभर घासून पातं फक्त खांद्याशी पातळ होत होतं, धारेला दगड एकदाही लागत नव्हता. शेवटी कंटाळून पुन्हा यंत्रातून ओढलं की फाटकी कड पुन्हा तयार. दगड कितीही चांगला आणला असता तरी यात फरक पडला नसता.

दातेरी भागात काय बिघडलं होतं

दातेरी पात्याची घडण वेगळी असते, आणि ती डोळ्यासमोर असल्याशिवाय त्याला हात लावू नये. घडीच्या चाकूंचे दाते बहुतेक वेळा एकाच अंगाने कोरलेले असतात. एका बाजूला अर्धवर्तुळाकार खाचा दिसतात, दुसरी बाजू जवळपास सपाट असते. दोन खाचा जिथे भेटतात तिथे दाताचं टोक येतं. दोरात आधी टोकं शिरतात, त्यांच्यामागून खाचांच्या आतली धार कापत जाते. म्हणजे प्रत्येक खाच हे एक स्वतंत्र छोटं पातं आहे. त्या खाचा आतून बोथट असतील तर टोकं दोरात फक्त अडकतात, कापत नाहीत.

या चाकूवर तीन गट होते. प्रत्येक गटात सुमारे ६ मिमी रुंदीची एक मोठी खाच आणि ३ मिमीच्या दोन लहान. एकूण नऊ खाचा. मोठी खाच सुमारे १.२ मिमी खोल, लहान ०.८ मिमी. मुठीलगतच्या दोन खाचा यापेक्षा उथळ झालेल्या होत्या आणि तिथल्या टोकांची बोंडं झाली होती.

कारणं दोन. ओढायच्या यंत्रातून दातेरी पातं ओढलं की कार्बाइड टोकांवरून उड्या मारत जातो. खाचांच्या आत तो पोहोचतच नाही, टोकं मात्र तासली जातात. दुसरं कारण अधिक नुकसानीचं. सपाट बाजू दगडावर तिरपी धरून घासली गेली होती, तिथे धारेलगत मिलिमीटरभर रुंद चकचकीत पट्टा होता. सपाट दगड सरळ रेषेतच घासतो. त्या रेषेत पहिली येतात ती टोकं. टोकं झिजली की खाच तेवढीच उथळ होते, आणि मागच्या बाजूलाही उतार पडल्यामुळे धारेचा एकूण कोन वाढतो. असं काही वेळा केलं की दातेरी पात्याचं किंचित नागमोडी सरळ पातं होतं. गेलेली टोकं कोणत्याही साधनाने पुन्हा जोडता येत नाहीत.

साधनांचा विचार

निवडीत पोलादाचा मुद्दा खरोखर मोजण्यासारखा होता. ८सीआर१३एमओव्हीमध्ये कार्बन सुमारे ०.८ टक्के आणि क्रोमियम १३ टक्के. हे पोलाद कोणत्याही दगडावर सुखाने घासलं जातं. एस३०व्ही हे भुकटीपासून घडवलेलं पोलाद: कार्बन १.४५ टक्के, क्रोमियम १४ टक्के, व्हॅनेडियम ४ टक्के. त्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. बहुतेक साधे दगड आणि सिरॅमिकच्या कांड्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्याच असतात. त्यांच्यावर एस३०व्हीला धार लागत नाही असं नाही, कारण कणांभोवतालचं पोलाद घासलं जातंच. पण काम हळू चालतं, आणि बारीक दगडावर गेल्यावर कापण्यापेक्षा चोळणंच जास्त होतं. डायमंड दोन्ही पोलादं कापतो, कठीण कणांसकट. एकाच साधनाने दोन्ही चाकू व्हायला हवे असतील तर इथे फारसा वाद उरत नाही.

पाण्याचे दगड उत्तम धार देतात, पण ते लवकर खोलगट होतात, वरचेवर सपाट करावे लागतात, आणि छोट्या पात्याचं टोक मऊ दगडात रुतून खाच पाडतं. पट्ट्याचं विजेचं यंत्र झटपट काम करतं. नवख्या हातात ते तितक्याच झटपट टोक गोल करतं, आणि सुक्या पट्ट्यावर धारेलगतचा पातळ धातू तापून मऊ पडायची भीती असते. दातेरी भागावर ते नकोच. लॅन्स्कीसारखा साचा पातं पकडून १७, २०, २५ आणि ३० अंशांच्या भोकांतून दगड फिरवतो. कोन सांभाळायला तो खरोखर चांगला आहे, ज्याचा हात बसत नाही त्याने तो जरूर घ्यावा. इथे मात्र मालकाला महिनाभर सराव करायची तयारी होती आणि दोन चाकूंसाठी दोनदा जोडणी करायचा वेळ नव्हता.

उभ्या सिरॅमिक कांड्यांच्या संचाचा विचार शेवटपर्यंत राहिला. स्पायडर्को शार्पमेकरमध्ये त्रिकोणी कांड्या दर बाजूला १५ किंवा २० अंशांवर उभ्या राहतात. चाकू सरळ उभा धरून खाली ओढायचा, कोन आपोआप मिळतो, आणि कांडीचे कोपरे खाचांमध्येही शिरतात. उतरलेली धार परत आणायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही. पण ०.३ मिमीचे तुकडे घासून काढायला आणि २३ अंशांचा उतार काढून नवा पाडायला मध्यम कणांच्या सिरॅमिकवर संध्याकाळ जाते. बिघाड काढायला तो संच घेणारे बहुतेक जण निराश होतात ते म्हणूनच. देखभालीसाठी तो ठेवला, दुरुस्तीसाठी नाही.

शेवटी यादी अशी झाली: एक जाड डायमंड प्लेट, एक बारीक डायमंड प्लेट, एक निमुळती डायमंड कांडी, २० अंशांचा सिरॅमिक संच, आणि लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या चामड्याला लावायला १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. प्लेट घेताना आकड्यांनी गोंधळ होतो, म्हणून कणांचा आकार मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) पाहावा. डीएमटी या कंपनीच्या प्लेटवर निळी खूण म्हणजे ३२५ मेश (चाळणीचा क्रमांक), ४५ मायक्रॉन. लाल म्हणजे ६०० मेश, २५ मायक्रॉन. हिरवी म्हणजे १२०० मेश, ९ मायक्रॉन. इथे निळी आणि लाल घेतली. हिरवी मुद्दाम सोडली. पुठ्ठा आणि दोर कापायला २५ मायक्रॉनवर सोडलेली, किंचित खरखरीत धार आरशासारख्या गुळगुळीत धारेपेक्षा जास्त चावते. चमक दाखवायला छान दिसते, पण दोरावर ती घसरते.

सरळ पातं: तुटलेली धार आधी पुसून टाकली

कोन १८ अंश ठरवला, म्हणजे पुढे २० अंशांची सिरॅमिक कांडी फक्त धारेच्या टोकालाच लागेल. २५ मिमी रुंद पातं १८ अंशांवर धरलं की पाठीचा मध्य दगडापासून ७.७ मिमी वर येतो. पाठीची अर्धी जाडी त्यातून वजा केली की पाठीखालची फट साधारण ६.३ मिमी उरते. हात बसावा म्हणून ४० मिमी लांब आणि एका टोकाला १३ मिमी उंच अशी लाकडी पाचर कापली. तिचा उतार बरोबर १८ अंशांचा येतो. दर दहा-बारा फेऱ्यांनंतर पातं पाचरीवर टेकवून मनगटाला कोनाची आठवण करून द्यायची.

कामाला बसण्याआधी लॉक घट्ट बसतं आहे का ते पाहिलं, आणि पात्याच्या मुळाशी, पिव्हटच्या (ज्या खिळीवर पातं फिरतं तिच्या) दोन्ही बाजूंना मास्किंग टेप गुंडाळली. ओली भुकटी पिव्हटमध्ये गेली की चाकू उघडताना करकरतो आणि वॉशर घासले जातात.

मग जे केलं ते पाहून मालक दचकला. जाड प्लेटवर पातं उभं धरून, जणू दगडच कापायचा आहे असं, अगदी हलक्या हाताने सात-आठ वेळा ओढलं. उरलीसुरली धार पूर्ण गेली. पण त्याबरोबर फाटकी कड गेली, दोन्ही तुटके भाग तळापर्यंत सपाट झाले, आणि धारेच्या जागी सुमारे ०.२ मिमी रुंदीची एकसारखी चकचकीत रेघ आली. आता ही रेघच मोजपट्टी झाली. दोन्ही बाजूंनी घासत जायचं, रेघ बारीक होत जाते. जिथे ती रुंद आहे तिथे अजून घासायचं आहे, जिथे दिसेनाशी झाली तिथे थांबायचं आहे. अंदाज उरत नाही. गेलेला ०.३ मिमी धातू तुटलेल्या भागांमुळे असाही जाणारच होता.

निळ्या प्लेटवर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून वीस-वीस फेऱ्यांनी बाजू बदलत काम केलं. डायमंड प्लेटवर जोर लावायचा नसतो. जोराने काम लवकर होत नाही, उलट निकेलच्या थरातून डायमंडचे कण उपटून निघतात आणि प्लेट कायमची गुळगुळीत होते. पात्याच्या पोटाच्या वळणावर मूठ हळूहळू वर उचलत न्यायची, आणि टोक प्लेटवर असतानाच थांबायचं. टोक प्लेटच्या कडेवरून खाली निसटू दिलं की दर फेरीला ते थोडं गोल होतं.

रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली तेव्हा एकाच बाजूने घासणं सुरू ठेवलं, दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत. बर म्हणजे धार पूर्ण पातळ झाल्यावर पलीकडे उलटून येणारी धातूची अगदी बारीक कड. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या पलीकडे न्यायचा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. नखाला अडकल्यासारखं लागतं. टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या शेवटापासून, टोकापर्यंत सलग लागलं पाहिजे. या पात्यावर टाचेकडचे १० मिमी सोडून सगळीकडे बर आली होती. टाचेशी पात्याचा जाड भाग प्लेटच्या कडेला आडवा येत होता. तिथे प्लेटचा कोपरा वापरून वेगळ्या छोट्या फेऱ्या माराव्या लागल्या. तेवढंच सोडून पुढे गेलं असतं तर काही महिन्यांत टाचेशी न झिजलेला खुंट आणि त्यापुढे खड्डा अशी धार झाली असती. जुन्या चाकूंवर हे सर्रास दिसतं.

बर दुसऱ्या बाजूनेही आली की लाल प्लेट. दहा-दहा, मग पाच-पाच, मग एक-एक फेरी, प्रत्येक टप्प्यावर जोर कमी करत. शेवटच्या फेऱ्यांत पात्याचं स्वतःचं वजनच पुरतं. नवा उतार सुमारे १ मिमी रुंद दिसत होता, दोन्ही बाजूंना सारखा.

कागद कापणारी खोटी धार

लाल प्लेटनंतर चाकूने वर्तमानपत्राचा कागद सरसर कापला. मालक खूश होऊन कामाला लागला. दहा-बारा पुठ्ठे कापून झाल्यावर धार पार गेली होती. पुन्हा दिव्याखाली धरलं तर धारेवर तुटक तुटक चमक, भिंगातून केसासारखी वळलेली कड.

सरळ धारेत सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. बर पूर्ण निघालेली नसते, दोन्हीकडून घासून ती फक्त उभी राहते. उभी बर वस्तऱ्यासारखी पातळ असते, कागद ती लीलया कापते, केसही कापते. पण तिच्याखाली आधार नसतो. पुठ्ठा लागला की ती वळते किंवा तुटते आणि मागे बोथट कड उरते. आणि मग दोष पोलादाला दिला जातो.

उपाय पाच मिनिटांचा होता. लाल प्लेटवर पाठ नेहमीपेक्षा दोन-तीन अंश अधिक उचलून, धार पुढे ठेवून, प्रत्येक बाजूला एक अशा फक्त तीन जोड्या, अगदी तरंगत्या हाताने. यात उभी बर मुळाशी कापली जाते. मग पुन्हा १८ अंशांवर दोन-दोन हलक्या फेऱ्या. शेवटी चामड्यावर, धार मागे आणि पाठ पुढे ठेवून, दर बाजूला दहा वेळा. चामड्यावर दाबलं की ते धारेमागे फुगून वर येतं आणि धार गोल करतं, म्हणून इथेही हात हलका. बर गेली की नाही हे कळायला कापसाचा बोळा धारेवरून हलकेच, पाठीकडून धारेकडे ओढायचा. बर असेल तर धागे अडकतात. यानंतर तोच चाकू तशाच पुठ्ठ्यांवर पूर्ण दिवस चालला.

दातेरी पातं

आधी सीमा आखली. मिश्र पात्यावर सरळ भागाला धार लावताना प्लेटची कड पहिल्या दाताला लागतेच. म्हणून दातेरी भागावर मास्किंग टेपचे दोन थर लावले, आणि सरळ ५० मिमी वर सांगितल्याप्रमाणेच १८ अंशांवर केले. एस३०व्हीवर निळ्या प्लेटलाही जास्त फेऱ्या लागल्या आणि बर अधिक चिवट होती. ती काढायची पायरी दोनदा करावी लागली.

मग टेप काढून चाकू लाकडी ठोकळ्यावर, कोरलेली बाजू वर ठेवून, ठोकळ्याच्या कडेशी पक्का धरला. निमुळती डायमंड कांडी एका टोकाला सुमारे ६ मिमी, दुसऱ्या टोकाला दीड मिमीच्या आसपास. खाचेची रुंदी आणि कांडीची जाडी सारखी असावी असं सहज वाटतं, पण जुळायला हवा तो खाचेचा बाक. ३ मिमी रुंद आणि ०.८ मिमी खोल खाचेचा बाक साधारण ३.६ मिमी व्यासाच्या वर्तुळाचा असतो. तिथे कांडीचा साडेतीन मिमीचा भाग बरोबर बसला. ६ मिमी रुंद आणि १.२ मिमी खोल मोठ्या खाचेचा बाक मात्र जवळजवळ ९ मिमी व्यासाचा. तिथे कांडीचा सगळ्यात जाड भागही बारीकच पडतो. एकाच जागी घासलं तर खाचेच्या तळाशी आणखी एक खाच पडते. म्हणून मोठ्या खाचांत कांडी डावीकडून उजवीकडे बाकाच्या वळणावरून फिरवत न्यावी लागली, दर फेरीत थोडी सरकवत.

चूक नेमकी लहान खाचेत झाली. दुसऱ्या गटातल्या एका लहान खाचेत जाड भाग दाबून बसवला गेला. चार-पाच फेऱ्यांतच खाच तळाशी न घासता दोन्ही कडांना रुंद होऊ लागली आणि शेजारच्या दाताचं टोक कमी झालं. शाई लगेच पाहिली म्हणून तेवढ्यावर निभावलं: तळाशी काळं तसंच, कडांना लख्ख. कांडी खाचेपेक्षा थोडी बारीक चालते, जाड कधीच नाही.

कोनासाठीही शाईच. खाचांचा मूळ उतार पाहायचा, त्यावर मार्कर लावायचा, आणि कांडी अशी आडवी करायची की शाई उताराच्या वरच्या कडेपासून धारेपर्यंत एकदम निघेल. फेऱ्या १०-१५ मिमीच्या, हलक्या, आणि कांडी बोटांत थोडी फिरवत, म्हणजे ती एकाच रेषेत झिजत नाही. शाबूत खाचांना सात-आठ फेऱ्यांत मागच्या बाजूला बर आली. बर आली की त्या खाचेचं काम संपलं. पुढे घासणं म्हणजे चाकूचं आयुष्य कमी करणं. एक खाच पूर्ण करून मगच पुढची घ्यायची, नाहीतर कुठली झाली आणि कुठली राहिली हे कळेनासं होतं.

मुठीलगतच्या दोन उथळ खाचांना वेगळी वागणूक दिली. टोकांची बोंडं घासून टोकदार करण्याचा मोह होतो. तसं केलं की दात आणखी ठेंगणा होतो. उलट दोन्ही बाजूंच्या खाचा थोड्या खोल कराव्या लागतात, म्हणजे त्यांच्या कडा पुन्हा जवळ येऊन भेटतात आणि तिथे टोक तयार होतं. इथे प्रत्येकी तीसेक फेऱ्या दिल्या. टोक अर्धंमुर्धं आलं आणि तिथेच थांबवलं. उरलेलं पुढच्या दोन-तीन वेळच्या धारेत येईल. एकाच बैठकीत पूर्ण खोली गाठायची तर धातू फार जातो, आणि त्या दोन खाचा बाकीच्यांच्या रेषेपासून आत जातात.

सपाट बाजूची बर काढताना सगळ्यात जास्त संयम लागतो. आधीचं नुकसान याच बाजूने झालं होतं. पातं बारीक सिरॅमिकवर जवळजवळ पूर्ण आडवं ठेवलं, पाठ जेमतेम कागदाएवढी उचललेली, आणि दातेरी भागावरून दोनच फेऱ्या, बिनाजोराच्या. मागचा चकचकीत पट्टा पूर्ण घालवायचा प्रयत्न केला नाही. तो घालवायचा तर सगळी सपाट बाजूच खाली आणावी लागेल, आणि त्याने कापण्यात मिळणार काहीच नाही. मग कोरलेल्या बाजूने प्रत्येक खाचेत बारीक सिरॅमिक कांडीच्या दोन फेऱ्या, पुन्हा सपाट बाजूला एक. चामड्याच्या पट्टीची कड खाचांत चोळली की उरलेली बर निघते.

परीक्षा कागदावर घेतली नाही. दातेरी धार कागद फाडणारच, त्यावरून काही कळत नाही. १० मिमीचा नायलॉनचा दोर ठोकळ्यावर ठेवून एकाच ओढीत कापला. चांगली खाच दोराचे तंतू स्वच्छ कापते, बोथट खाच ते उपसून बाहेर ओढते. सहा काप स्वच्छ आले. मुठीच्या अगदी टोकाशी घेतलेल्या सातव्या कापात काही तंतू उपसले, म्हणजे त्या दोन खाचांचं जे सांगितलं तेच दोरानेही दाखवलं.

शेवटी दोन्ही चाकू साबणाच्या पाण्यात उघडझाप करून धुतले, पूर्ण वाळवले, पिव्हटला हलक्या तेलाचा एकेक थेंब दिला. प्लेटही साबण आणि ब्रशने धुतल्या. सिरॅमिक काळवंडलं की ते खरखरीत स्पंज आणि घासायच्या पावडरने साफ करायचं, नाहीतर धातूचे कण भरून ते काचेसारखं घसरतं.

पुढे काय करायचं ठरलं

आठवड्यातून एकदा दोन्ही धारा दिव्याखाली. चमक दिसली तर सरळ धारेला २० अंशांच्या सिरॅमिकवर दर बाजूला पाच ते दहा हलक्या फेऱ्या आणि चामडं. उतार १८ अंशांचा असल्याने कांडी फक्त टोकाला लागते, म्हणून एवढ्याच फेऱ्या पुरतात. दरवेळी त्या २० अंशांच्या टोकाची रुंदी थोडी वाढते. सिरॅमिकवर वीस फेऱ्यांनीही धार आली नाही की लाल प्लेटवर १८ अंशांचा उतार पुन्हा पाडायचा. निळी प्लेट फक्त धार तुटली तरच.

दातेरी भागाला त्याहून क्वचित: दोराचे तंतू उपसायला लागले की प्रत्येक खाचेत बारीक सिरॅमिक कांडीच्या दोन-तीन फेऱ्या, सपाट बाजूला एक. डायमंडची निमुळती कांडी तेवढ्याने भागलं नाही तर. मुठीलगतच्या दोन खाचांना मात्र पुढच्या वेळी डायमंडच्या दहा-दहा फेऱ्या जास्तीच्या, टोकं पूर्ण येईपर्यंत. तेलाचा दगड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची भुकटी टाकून सपाट करून घ्यायचा, बागेच्या अवजारांना तो चांगला चालेल. कार्बाइडचं ओढायचं यंत्र टाकून दिलं.